ब्रसेल्स स्प्राउट्स: कडूपणा कुठून येतो आणि भाजी कुठे बिघडते

ब्रिटनमध्ये नाताळच्या जेवणात टर्कीशेजारी ब्रसेल्स स्प्राउट्स हवेतच, आणि अनेकांच्या ताटात शेवटी उरतातही तेच. एकाच टेबलावर कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतं, तर कुणाला त्यांचा वासही सहन होत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत हिवाळ्यात ही भाजी ताजी आणि स्वस्त मिळते म्हणून आणली जाते, कोबीसारखी शिजवली जाते, आणि एकदा फसली की पुन्हा आणली जात नाही. आता मुंबई-पुण्यातल्या मोठ्या दुकानांत आणि घरपोच भाजी देणाऱ्या ॲप्सवरही ती ‘एक्झॉटिक’च्या रकान्यात दिसते. तेव्हा ती नेमकी कशाने बिघडते, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं. ही भाजी बिघडवणाऱ्या गोष्टी मुख्यत्वे दोनच आहेत: पाणी आणि वेळ.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे स्प्राउट्स म्हटलं की मोड आलेली मटकी किंवा मूग डोळ्यांसमोर येतात. त्याचा इथे काही संबंध नाही. ब्रसेल्स स्प्राउट म्हणजे कोबीच्या कुळातल्या एका झाडाचे छोटे गड्डे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची रूपं आहेत. कोबीत शेंड्याचा कोंब फुगून मोठा गड्डा होतो. इथे मात्र साधारण मीटरभर उंच खोडावर प्रत्येक पानाच्या बेचक्यातला कोंब फुगतो, आणि खोड गड्ड्यांनी लगडून जातं. बेल्जियम-नेदरलँड्सच्या पट्ट्यात हे पीक शतकानुशतकं घेतलं जातं, नावही तिथलंच.

या झाडाला थंडी लागते. इंग्लंडमध्ये लिंकनशायर, अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा मॉन्टेरे आणि सांताक्रूझजवळचा गार, धुकट किनारा, आपल्याकडे निलगिरी आणि हिमाचलातल्या थंड जागा अशा ठिकाणी ते चांगलं येतं. कडाक्याची थंडी पडली की झाड पानांत साखर साठवतं, कारण साखरेमुळे पेशींतलं पाणी सहजी गोठत नाही. म्हणून थंडी पडून गेल्यावर तोडलेले गड्डे जास्त गोड लागतात. यंदा पहिल्यांदाच करून बघणार असाल, तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडा.

कडू कुणाला लागतात आणि का

मोहरी फेसताना नाकात जी झणझणीत कळ जाते, तिच्यात या भाजीचं रसायन दडलेलं आहे. मोहरीत सिनिग्रिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याच्यापासून वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. दाणे वाटून त्यात पाणी घातलं की दोघांची गाठ पडते आणि तिखट, उडून जाणारं तेल तयार होतं. म्हणूनच मोहरी गार पाण्याने फेसतात. उकळतं पाणी घातलं तर विकर मरतं आणि मोहरी चढत नाही. ब्रसेल्स स्प्राउटमध्ये हेच सिनिग्रिन आहे, शिवाय प्रोगॉइट्रिन नावाचा त्याचा भाऊबंद आहे. सिनिग्रिन मुळातच कडवट. प्रोगॉइट्रिन विकराच्या तावडीत सापडलं की त्यापासून गॉइट्रिन बनतं, ते जहाल कडू असतं. गड्डा चिरणं, किसणं, चावणं या सगळ्यांनी पेशी फुटतात आणि हा खेळ सुरू होतो.

यावरून स्वयंपाकाचे दोन नियम निघतात. एक, चिरल्यावर भाजी तासभर ओट्यावर ठेवू नका. चिरा आणि लगेच गरम कढईत घाला. दोन, आच सुरुवातीलाच चांगली हवी, म्हणजे विकर लवकर निकामी होतं. कोमट तेलात हळूहळू गरम होणारी भाजी जास्त कडू होते.

आता माणसांकडे वळू. आपल्या जिभेवर कडू चव ओळखणारे अनेक ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यांतला एक टास-टू-आर-३८ या जनुकातून बनतो. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पीटीसी नावाची एक पूड काहींना भयंकर कडू लागते आणि काहींना तिची चवच कळत नाही. हा फरक या जनुकाच्या प्रकारांमुळे पडतो, आणि गॉइट्रिनही याच ग्राहकावर जाऊन बसतं. म्हणजे एकाच ताटातली एकच भाजी दोघांना खरोखर वेगळी लागते. त्यातून लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र जाणवते. ‘नखरे करू नकोस, छान झालीय’ असं मुलाला दटावण्याआधी हे लक्षात असू द्यावं. त्याच्या जिभेवर ती खरंच छान झालेली नसते.

दुसरीकडे, गड्डेही बदलले आहेत. १९९०च्या दशकात नोव्हार्टिस या कंपनीच्या बियाणे विभागात काम करणारे डच शास्त्रज्ञ हान्स व्हान डॉर्न यांनी कडूपणामागे सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन आहेत हे दाखवून दिलं. मग बियाणे कंपन्यांनी जुन्या साठ्यांतून कमी कडू वाण हुडकले आणि भरघोस उत्पन्नाच्या वाणांशी त्यांचा संकर केला. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी ही भाजी कडू म्हणून सोडली, त्यांच्यासमोर आज येणारी भाजी बरीच सौम्य आहे. त्यांनी पुन्हा एक संधी द्यायला हरकत नाही.

राहिला वास. तो कडूपणापेक्षा वेगळा आहे आणि तो पूर्णपणे आपल्या हातात आहे. कोबीकुळातल्या भाज्या पाण्यात जास्त वेळ शिजल्या की त्यांतली गंधकयुक्त संयुगं फुटतात आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा वायू सुटतो. पहिली पाच मिनिटं तो जेमतेम असतो, त्यापुढे झपाट्याने वाढतो. त्याच वेळी झाकणाखाली कोंडलेल्या आम्लामुळे हिरवा रंग शेवाळी-करडा पडतो. पाऊण तास रटरटवलेले, करडे, लिबलिबीत गोळे ही शाळा-कॅन्टीनमधली आठवण अनेक ब्रिटिशांच्या मनातून जात नाही ती यामुळेच.

निवडणं आणि साफ करणं

गड्डा बोटांत दाबून बघा: घट्ट आणि आकाराच्या मानाने जड हवा. पानं घट्ट मिटलेली, देठाची कापलेली बाजू पांढरट. देठ तपकिरी आणि वाळका असेल तर तोडून बरेच दिवस झालेत. पिवळी पानं म्हणजे वास आणि कडूपणा दोन्ही वाढलेले. अडीच ते तीन सेंटिमीटरचे, म्हणजे मोठ्या लिंबाहून लहान गड्डे सर्वांत चांगले. सगळे एकाच मापाचे घ्या, कारण लहान शिजून मऊ पडेपर्यंत मोठ्याचं देठ कच्चंच राहतं. आख्ख्या खोडासकट मिळाले तर जरूर घ्या; ते जास्त दिवस टिकतात.

आणल्यावर धुऊ नका. कोरड्या कापडी किंवा सैल पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि आठवडाभरात संपवा. दिवस जातील तसा त्यांचा उग्रपणा वाढतो.

करायच्या वेळी देठाचा तीन-चार मिलिमीटरचा चकता कापा. जास्त कापलात तर पानं सुटी होतात. बाहेरची एक-दोन मळकी पानं काढा. मग पाच मिनिटं मिठाच्या पाण्यात बुडवा, कोबी-फ्लॉवरला करतो तसंच, म्हणजे मावा किंवा अळी असेल तर बाहेर येते. निथळून सुती पंचावर पसरा आणि खरोखर कोरडे होऊ द्या. ही पायरी टाळण्याचा मोह होतो, पण ओला गड्डा भाजला जात नाही, वाफवला जातो. चिरताना देठातून उभा कापा, म्हणजे दोन्ही अर्धे देठाला धरून राहतात. ब्रिटनमध्ये देठावर फुलीसारखी चीर द्यायची जुनी रीत आहे. ती सोडून द्या. त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि गड्डा पाणचट होतो.

बिडाच्या तव्यावर

ओव्हन असो वा नसो, सुरुवात या पद्धतीने करावी असं आमचं ठाम मत आहे. आपल्या घरात लागणारं सगळं असतं आणि पंधरा मिनिटांत भाजी होते.

साहित्य: ४०० ग्रॅम स्प्राउट्स अर्धे करून, ३ मोठे चमचे तेल (शेंगदाण्याचं उत्तम), अर्धा छोटा चमचा मीठ. वरच्या फोडणीसाठी १ मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी, पाव छोटा चमचा हिंग, तेवढीच हळद, २ हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची ८-१० पानं. शिवाय २ मोठे चमचे ओलं खोबरं आणि अर्धं लिंबू.

तवा किंवा जाड बुडाची पसरट कढई मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. तेल घाला, आणि प्रत्येक तुकडा कापलेली बाजू खाली करून एका थरात लावा. एकावर एक अजिबात नको. मावत नसतील तर दोनदा करा. मग पाच ते सहा मिनिटं हात लावू नका. सतत उलथनं फिरवायची सवय इथे आवरावी लागते, कारण पृष्ठभाग तापून खमंग तपकिरी व्हायला सलग वेळ लागतो, आणि त्या तपकिरी थरातली गोडसर, भाजलेल्या दाण्यांसारखी चवच कडूपणा झाकते. एक तुकडा उचलून बघा: गडद बदामी रंग आला असेल तर मीठ भुरभुरवा, २ मोठे चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा. दीड-दोन मिनिटांत वाफेने देठ शिजतं. झाकण काढून मिनिटभर पाणी आटू द्या. सुरीचं टोक देठात थोडा जोर लावल्यावर शिरलं पाहिजे. सहज शिरलं तर जास्त शिजलं.

आता छोट्या कढल्यात फोडणी करून वरून ओता, खोबरं घाला, गॅस बंद करा. फोडणी आधी करून त्यात भाजी टाकली तर मोहरी, हळद आणि कढीपत्ता त्या पाच-सहा मिनिटांत करपतात आणि नवा कडूपणा तयार होतो. लिंबू ताटलीत काढल्यावरच पिळा: आंबट आणि बीड यांचं जमत नाही, रंगही काळवंडतो.

ओव्हनमध्ये

गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेतल्या रेस्तराँनी या भाजीचं नशीब पालटलं ते मुख्यतः भाजून आणि तळून. न्यूयॉर्कच्या मोमोफुकूने तर भाजलेल्या स्प्राउट्सवर माशाच्या आंबवलेल्या सॉसचं आंबट-तिखट मिश्रण घालून त्यांना खास पदार्थाचा मान दिला.

५०० ग्रॅमसाठी २ मोठे चमचे तेल आणि पाऊण छोटा चमचा मीठ. ओव्हन २२० अंशांवर तापवा, पंख्याचा असेल तर २०० पुरे. रिकामा ट्रेही आतच तापत ठेवा. अर्धे केलेले कोरडे गड्डे तेल-मिठात चोळा, तापलेल्या ट्रेवर कापलेली बाजू खाली करून लावा. ट्रे साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचा हवा आणि तुकड्यांमध्ये बोटभर जागा. १८ ते २२ मिनिटं लागतात. पंधराव्या मिनिटाला एक उचलून बघा. सुटी झालेली पानं काळसर, कुरकुरीत होतात. ती टाकू नका, सगळ्यात आधी तीच संपतात.

एअर फ्रायर असेल तर १९० अंशांवर १२ ते १४ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. टोपली अर्धीच भरा.

ज्यांना कडू नकोच, त्यांच्यासाठी कारल्याचा धडा इथे लागू पडतो: चिंच आणि गूळ. १ मोठा चमचा घट्ट कोळ, तेवढाच चिरलेला गूळ, अर्धा छोटा चमचा तिखट, चिमूटभर मीठ आणि २ चमचे पाणी मंद आचेवर दाट करा, आणि भाजी ओव्हनमधून काढल्यावर वरून घालून कालवा. गूळ आधीच चोळला तर पंधरा मिनिटांत जळतो. मिठाच्या बाबतीत हात फार आखडू नका. मीठ नुसतं खारट करत नाही, ते जिभेला जाणवणारा कडूपणाच दाबतं. अळणी भाजी म्हणूनच जास्त कडू लागते.

चिरून केलेले प्रकार

बारीक चिरलेली भाजी सगळ्यात लवकर होते, पण पेशीही सगळ्यात जास्त फुटतात, म्हणून इथे वेग हवा. कोबीची भाजी येणाऱ्याला हे शिकवायला नको, फरक तेवढा सांगतो. ५०० ग्रॅमसाठी पाव वाटी हरभरा डाळ दोन-तीन तास भिजवा. फोडणीत आधी डाळ घाला, चार चमचे पाणी घालून झाकणाखाली पाच-सहा मिनिटं बोटचेपी होऊ द्या, पाणी आटवा, आणि मगच मोठ्या आचेवर भाजी. झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं परतायची. मीठ अगदी शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं आणि भाजी त्याच पाण्यात उकडते.

पीठ पेरायचं असेल तर ३०० ग्रॅमला ५ मोठे चमचे बेसन, पण ते आधी कोरडं खमंग भाजून घेतलेलं. कच्चं बेसन शिजायला लागणाऱ्या दोन-तीन वाफांत भाजी गळून जाते. भाजलेल्याला एक वाफ पुरते.

कोशिंबिरीसाठी अगदी ताजे, लहान गड्डेच घ्या. २०० ग्रॅम कागदासारखे पातळ चिरून अर्धा छोटा चमचा मीठ चोळा, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा. सुटलेल्या पाण्याबरोबर बराच उग्रपणा निघून जातो. मग अर्धी वाटी घट्ट दही, २ मोठे चमचे दाण्याचा कूट, अर्धा छोटा चमचा साखर आणि तूप-जिरं-मिरचीची फोडणी. दह्याचं आणि कुटाचं स्निग्धपण उरलेल्या कडूपणाची धार घालवतं.

रश्श्यात घालायचे असतील तर वेगळे तव्यावर भाजून घ्या आणि वाढायच्या दोन मिनिटं आधी रश्श्यात सोडा. गोड्या मसाल्याबरोबर ते छान लागतात. प्रेशर कुकरची मात्र एकही शिट्टी नको.

उकडायचेच असतील तर

उकडणं वाईट नाही, उकडत राहणं वाईट. ५०० ग्रॅमसाठी अडीच लिटर पाणी आणि २५ ग्रॅम मीठ. पाणी खळखळ उकळत असताना घाला. पाणी भरपूर असलं की भाजी घातल्यावर उकळी मोडत नाही. झाकण नको. अर्धे केलेले तीन-चार मिनिटं, आख्खे लहान पाच-सहा. चाळणीत निथळा आणि त्याच गरम, कोरड्या भांड्यात मिनिटभर हलवून ओल उडवा. मग ३० ग्रॅम लोणी, मिरपूड आणि किसलेलं जायफळ. आपण जायफळ श्रीखंडात आणि पुरणात घालतो, डच आणि बेल्जियन घरांत ते या भाजीवर पडतं, आणि त्याचा ऊबदार गंध गंधकाच्या वासावर चांगली मात करतो. ब्रिटिश नाताळात यातच शिजवलेले चेस्टनट घालतात. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका: रंग राहतो, पण भाजीचा लगदा होतो.

गोठवलेले, आणि तब्येतीचं थोडं

गोठवलेल्या पाकिटातले गड्डे आधीच अर्धवट उकडलेले असतात, त्यामुळे त्यांना पुन्हा उकडणं म्हणजे हमखास लिबलिबीतपणा. ते न वितळवता थेट २३० अंशांच्या ओव्हनमध्ये, तापलेल्या ट्रेवर घाला. पाणी उडून जायला २५ ते ३० मिनिटं लागतात. घरी गोठवायचे तर लहान ३, मध्यम ४ आणि मोठे ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पूर्ण कोरडे करून डब्यात.

१०० ग्रॅम कच्च्या भाजीत ८५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि सुमारे १७५ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर के जीवनसत्त्वाने तिचा परिणाम कमी होतो, म्हणून ही भाजी एकदम जास्त सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा. पोटात वायू धरणाऱ्यांनी पहिल्यांदा चार-पाच गड्ड्यांवर थांबावं आणि फोडणीत हिंग विसरू नये.

उरलेली भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की तोच कोंडलेला वास पुन्हा घरभर होतो. इंग्लंडमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी उरलेले उकडलेले बटाटे आणि स्प्राउट्स एकत्र कुस्करून परततात, त्याला ‘बबल अँड स्क्वीक’ म्हणतात. दोन भाग बटाटा आणि एक भाग चिरलेली भाजी घ्या, त्यात आलं-मिरचीचा ठेचा, मीठ आणि कोथिंबीर घाला, बोटभर जाडीच्या टिक्क्या थापा. बांधणीसाठी पीठ लागत नाही, बटाटा कोरडा असला की पुरतं. तव्यावर मध्यम आचेवर पहिली बाजू पाच मिनिटं न हलवता होऊ द्या. खालची कड तपकिरी होऊन टिक्की आपोआप तवा सोडते, तेव्हाच उलटा.